अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ

"एवढे महिने अंथरुणावर आहेत, पाठीला जखमा होणारच," असं भेटायला आलेले सहज बोलून जातात आणि घरचेही तेच धरून चालतात. खरं तर यांतल्या बहुतेक जखमा टाळता येतात. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली गेली की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच आतलं मांस मरायला लागतं. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू या जागा रोज आंघोळ घालताना, अंग पुसताना नीट बघा.

त्या जागी लाली दिसली की तेल लावून चोळायचं, हा सगळ्यात घातक गैरसमज. चोळण्यात माया असते, पण आतल्या रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात आणि चोळल्यानं जखम खोल जाते. त्यापेक्षा बोटानं हलकेच दाबून सोडा. जागा क्षणभर फिकी पडली तर दाब काढल्यावर ती सावरते. लाली तशीच राहिली तर जखमेची सुरुवात झाली आहे. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून आजूबाजूपेक्षा काळपट, जांभळट, गरम किंवा कडक लागणारी जागा शोधा. तिच्यावर पुन्हा वजन पडू देऊ नका आणि डॉक्टरांना किंवा नर्सला दाखवा.

हवेची गादी आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. गादी दाब विभागते, नाहीसा करत नाही. साधारण दर 2 तासांनी कूस बदलावी. अंतर वाढवायचं तर डॉक्टरांना विचारून. पूर्ण कुशीवर वळवलं की सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी लावून जेमतेम 30 अंश कलतं ठेवा, गुडघ्यांमध्येही एक उशी द्या. पोटऱ्यांखाली उशी अशी सारा की टाचा अधांतरी राहतील. टाचेखालून कागद सहज सरकला पाहिजे. रबरी रिंग मात्र नको, तिच्या कडांमुळे मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका, कातडी घासते. खांद्यापासून मांड्यांपर्यंत दुहेरी चादर घाला आणि दोघांनी ती धरून उचला.

लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडणारी घरंही पुष्कळ आहेत. त्यानं लघवी दाट होते, संसर्ग आणि बद्धकोष्ठता वाढते. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल तेवढीच पाळा. आडवं ठेवून चमच्यानं पाणी पाजणं त्याहून धोक्याचं, कारण ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. बसतं करा, हनुवटी थोडी खाली घ्या, खाणं झाल्यावर अर्धा तास तसंच बसू द्या.

"त्यांना आता काय कळतंय?" हे वाक्य ऐकलं की वाईट वाटतं. बोलता न येणाऱ्यालाही दुखतं. कूस बदलताना कपाळाला आठ्या पडतात का, मूठ आवळली जाते का, कण्हणं वाढतं का, ते बघा आणि डॉक्टरांना सांगा. कूस बदलण्याच्या थोडं आधी वेदनाशामक देता येईल का, तेही विचारा. आणि हात लावण्याआधी सांगा, "आई, आता डाव्या कुशीवर करतेय हं."