‘ब्रेक फेल’ झाले, म्हणजे चुकले कोणाचे?

४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यातील पळासनेरजवळ, मध्य प्रदेशाकडून धुळ्याकडे येणारा कंटेनर पुढच्या वाहनांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा जणांचा जीव गेला. ब्रेक निकामी झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. त्या अपघाताचा निवाडा इथे करायचा नाही. पण ‘ब्रेक फेल’ असे बातमीत आले की चर्चा तिथेच संपते, जणू वीज कोसळली. ब्रेक अचानक जाणे विरळाच. बहुतेकदा त्याआधी बरेच दिवस गाडी काहीतरी सांगत असते.

उतारावर काय होते

त्याच महामार्गावरचा बिजासनचा उतार असो की चाळीसगावजवळचा कन्नड घाट, भरलेली गाडी ब्रेकवर पाय ठेवूनच उतरवली की ड्रम तापतात आणि लायनरची पकड सुटत जाते. झिजलेले लायनर आणि वाढीव माल असेल तर हे लवकर घडते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणारेही आहेत. मग इंजिनाचा रोध मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. जुने चालक सांगतात, ज्या गियरमध्ये घाट चढता त्याच गियरमध्ये उतरा. हे अजूनही खरे आहे.

कायदा कोणाला धरतो

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९०. सदोष गाडी चालवणारा दोषी, तसाच ती चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही दोषी. दोष माहीत असायलाच हवा असेही नाही. साधी काळजी घेतली असती तर जो कळला असता, तोही धरला जातो. म्हणजे ‘मला काय माहीत, गाडी ड्रायव्हरकडे असते’ हे मालकाचे ठरलेले उत्तर इथे टिकत नाही. दंड मात्र १,५०० रुपये. अपघातात कोणी जखमी झाले किंवा नुकसान झाले, तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ट्रकच्या एका नव्या टायरच्या किमतीपुढे ही रक्कम चिल्लर आहे, आणि हिशेब करणारे तो करतातच.

जादा मालाचे कलम कडक आहे. दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० आणि माल उतरवण्याचा खर्च. चालक स्वतः मालक नसेल, तर जादा वजन मालकाच्या माहितीने किंवा हुकमानेच भरले, असे कलम ११३ नुसार न्यायालय गृहीत धरू शकते.

फिटनेस प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांचे, त्यापुढे एका वर्षाचे मिळते. तपासणीच्या दिवशी गाडी ठीक होती, एवढेच तो कागद सांगतो.

गाडी हलवण्याआधी

सकाळी पहिले काम हवेच्या टाकीतले पाणी काढण्याचे. मग इंजिन सुरू करून काटा पूर्ण दाबापर्यंत येऊ द्यावा, इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरावा आणि क्लीनरला खाली उभे करून ऐकायला सांगावे. कुठे ‘फुस्स’ आवाज येतो का? काटा भराभर खाली येतो का? येत असेल तर गाडी निघण्याजोगी नाही. चाकाच्या नटाभोवती गंजाची ताजी रेघ दिसली तर नट ढिला असण्याची शक्यता. जोडचाकांच्या फटीत अडकलेला दगड काढावा. कमानीचे पाटे, मागचे दिवे, रिफ्लेक्टर बघावेत. रात्री पारोळा-एरंडोल पट्ट्यात बंद पडलेली बिनदिव्याची गाडी म्हणजे सापळाच.

हे सारे दहा-पंधरा मिनिटांत होते. रावेर-सावद्याहून केळी भरून दिल्लीकडे निघालेल्या गाडीला तेवढीही सवड दिली जात नाही, कारण माल नाशवंत. वेळेची ही घाई व्यापारी आणि ट्रान्सपोर्टवाला लावतात. अपघातानंतर त्यांचे नाव कुठेच येत नाही.

झोप

मोटार परिवहन कामगार कायद्याने १९६१ मध्येच पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांसाठी कामाला दिवसाला आठ, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. एक-दोन गाड्यांचा मालक त्या चौकटीबाहेरच राहिला. झोप मोडते ती लांबलेल्या तासांनी, तशीच केबिनच्या उकाड्यानेही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकमध्ये वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. जळगावचा मे महिना ज्याने पाहिला आहे, तो याला चैन म्हणणार नाही.

मालाबरोबर मजूर

फेब्रुवारी २०२१ मध्ये रावेरकडे पपई घेऊन निघालेला ट्रक यावल तालुक्यात किनगावजवळ उलटला आणि मालासोबत बसलेले मजूर आणि त्यांच्याबरोबरचे मिळून किमान १५ जण दगावले. मजुरांना वेगळी गाडी देण्याचा खर्च वाचवला जातो, तो असा. इथे चालकाने ‘नाही’ म्हणावे ही अपेक्षा रास्त आहे, पण ‘बसवून घे’ म्हणणारा सहसा तो नसतो.

लेखी ठेवा

चालकांनी एवढे करावेच: दोष दिसला की मालकाला नुसता फोन करू नका. फोटो काढा, गाडीचा नंबर आणि काय बिघडले ते लिहून व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि तो मेसेज पुसू नका. मालकांनीही दुरुस्तीचे बिल जपून ठेवावे. चौकशीत दोघांच्याही कामाला येतो तो हाच पुरावा.