सागरी पर्वतावरची काळी पुटे

वेरूळचे कैलास लेणे ज्या बेसाल्टमध्ये कोरले गेले, तो खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हाचे थर एकावर एक साचून तयार झाला. याच जातीच्या खडकाचे प्रचंड पर्वत महासागरांच्या तळावरही उभे आहेत आणि त्यांच्या उघड्या कातळावर लोह व मँगनीज यांच्या ऑक्साइडांची काळी पुटे चढत असतात. ही वाढ दहा लाख वर्षांत साधारण एक ते पाच मिलिमीटर एवढीच होते. वेग दोन मिलिमीटर धरला, तर दख्खनचा लाव्हा वाहिल्यापासून आजवर तेरा सेंटिमीटरांचे, म्हणजे वीतभरही न भरणारे पूट साचेल. आठव्या शतकात कैलास घडल्यापासूनची वाढ तर केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाइतकीही होणार नाही.

समुद्राच्या पृष्ठभागाजवळच्या सूक्ष्म जीवांचे अवशेष खाली जाताना कुजतात, त्यात पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो आणि काही शे मीटर खोलीवर प्राणवायूची चणचण असलेला थर तयार होतो, ज्यात मँगनीज विरघळलेल्या स्थितीत टिकून राहते. पर्वताला अडून ढवळल्या जाणाऱ्या, अधिक प्राणवायू असलेल्या पाण्याशी त्याची गाठ पडली की त्याचे ऑक्साइड बनते आणि त्याचे अतिसूक्ष्म कण कातळाला धरतात. या कणांवर ऋण विद्युत्भार असल्याने पाण्यातले कोबाल्ट व निकेल त्यांच्याकडे ओढले जातात. कोबाल्टचे तर तिथेच आणखी ऑक्सिडीकरण होऊन ते पुटात पक्के अडकते. मात्र यासाठी प्रवाहाने कातळ झाडून स्वच्छ ठेवलेला हवा, कारण त्यावर गाळ बसला की वाढ खुंटते.

भारताच्या दृष्टीने महत्त्वाचा असा पर्वत विषुववृत्ताच्या थोड्या दक्षिणेस, मध्य हिंदी महासागरात आहे. पंधराव्या शतकात चौल बंदरात उतरून जुन्नरमार्गे बिदरला गेलेल्या रशियन व्यापाऱ्याचे, अफानासी निकितिनचे, नाव त्याला दिलेले आहे. कोकणचा किनारा आणि जुन्नरचा पावसाळा पाहिलेल्या या प्रवाशाचे नाव तिथे असावे, हा योग मराठी वाचकाला जवळचा वाटावा. गोव्यात दोना पावला येथे मुख्यालय असलेल्या, १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या पर्वतावरची पुटे तपासली असून त्यांत कोबाल्टबरोबर सेरियम आणि प्लॅटिनमचे प्रमाणही लक्षणीय आढळले आहे. जानेवारी २०२४ मध्ये भारताने जमैकातील किंग्स्टन येथील आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे येथील शोधकार्याची परवानगी मागितली. परंतु श्रीलंकेने आपल्या विस्तारित खंडमंचाचा दावा २००९ मध्येच संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला होता आणि हा पर्वत त्या दाव्याच्या क्षेत्रात येतो.

सागरतळावर सुटे पडलेले मँगनीजचे गोटे उचलता येतात. पुटाचे तसे नाही. आटवलेल्या दुधाची खरपुडी पातेल्याला धरावी तसे ते कातळाला चिकटलेले असते आणि खरवडताना खालचा खडकही सोबत आला, तर धातूचे प्रमाण लगेच घटते. पर्वताच्या खडबडीत उतारांवर, एक-दोन किलोमीटर पाण्याखाली, नेमके पूटच सोलून काढणारे यंत्र ही म्हणूनच खरी अडचण आहे. पुटाचे मोल मात्र धातूंपुरतेच नाही. त्याचा आडवा छेद घेतला की झाडाच्या खोडासारखे थर दिसतात, आणि बेरिलियम-१० या किरणोत्सारी समस्थानिकाच्या ऱ्हासावरून त्यांतल्या वरच्या, सुमारे एक कोटी वर्षांपर्यंतच्या थरांचे वय काढता येते. कोणत्या काळी प्रवाह कसे होते, पाण्यात कोणती द्रव्ये होती, याचा माग त्यांतून लागतो. याच टणक कातळाला धरून थंड, अंधाऱ्या पाण्यातली प्रवाळे आणि स्पंजही वाढतात. त्यांतली काही प्रवाळे शेकडो वर्षे जगतात, आणि त्यांच्या पायाखालचे पूट त्या अवधीत हजारांश मिलिमीटरांनीच वाढलेले असते.