सिंह गाडीकडे बघत का नाही?

शिरूर आणि दौंड, दोन्हीकडची मंडळी समोर बसली आहेत, म्हणजे आज बिबट्याचा विषय निघणारच. पण तिथे जायला मी जरा लांबचा रस्ता घेणार आहे. सुरुवात आफ्रिकेतल्या सिंहापासून करू.

केनियातल्या मसाई मारामधले व्हिडिओ तुम्ही मोबाईलवर पाहिले असतील. उघडी जीप, आत सात-आठ पर्यटक, आणि चाकाला टेकून सिंहीण सावलीत आडवी पडलेली. वर ढुंकूनही बघत नाही. मग प्रश्न येतो, ही उडी का मारत नाही? पोट भरलेलं असतं म्हणून? सिंह दिवसातले अठरा-वीस तास लोळून काढतो हे खरं. पण शिकारीला निघालेली भुकेली सिंहीणसुद्धा जीपला वळसा घालून पुढे जाते. तेव्हा कारण वेगळं आहे.

हायनी हेडिगर नावाचा एक स्विस प्राणिशास्त्रज्ञ होता. प्राणिसंग्रहालयं सांभाळण्यात त्याचं आयुष्य गेलं. त्याने सांगितलं, की प्रत्येक रानटी जनावराभोवती दोन रिंगणं असतात, डोळ्यांना न दिसणारी. बाहेरच्या रिंगणात तुम्ही पाय टाकलात की जनावर पळतं. याला आपण ‘पळण्याचं अंतर’ म्हणू. आतलं रिंगण लहान असतं. पळायला वाट उरली नाही आणि तुम्ही तिथपर्यंत पोचलात, की ते उलटून अंगावर येतं. याला ‘झडपेचं अंतर’ म्हणू.

आता आपल्या शेतात या. ट्रॅक्टर चालू असताना बगळे त्याच्या मागे किती जवळून चालतात? तीन-चार फुटांवरून. तुम्ही खाली उतरून त्यांच्याकडे चालायला लागा, लगेच उडतात. म्हणजे ट्रॅक्टरसाठीचं पळण्याचं अंतर जवळपास संपलंय, पायी माणसासाठीचं तसंच आहे. सिंहाचं अगदी हेच होतं. जन्मल्यापासून तो गाड्या बघतो. गाडी त्याला मारत नाही, खायला देत नाही, पिल्लांमागे लागत नाही. गाडी आणि आतली माणसं मिळून त्याच्या लेखी एकच बिनकामाची मोठी वस्तू. तिची त्याला सवय झालेली असते. माणसाळणं ही निराळी गोष्ट आहे, हे लक्षात ठेवा.

म्हणून तिथले नियम कडक असतात. उभं राहायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही, उतरायचं तर नावच नको. उभं राहिलात की त्या मोठ्या वस्तूतून एक सुटा माणूस वेगळा दिसायला लागतो. २०१५ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या लायन पार्कमध्ये गाडीची काच खाली होती, आणि सिंहिणीने आतल्या अमेरिकन पर्यटक तरुणीचा जीव घेतला.

हेडिगरने सर्कशीतली कलाही याच रिंगणांनी उलगडून दाखवली. प्रशिक्षक एक पाऊल पुढे टाकतो, सिंह चाल करून येतो. तो मागे सरकतो, सिंह थांबतो. पुण्यात जन्मलेल्या दामू धोत्र्यांनी हेच काम अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत करून नाव कमावलं. सिंह, वाघ, बिबटे एकाच पिंजऱ्यात घेऊन ते उभे राहत. त्यांना ते अंतर वाचता येत होतं. आपल्याला येत नाही. सर्कशीत सिंह नाचवायलाही आता आपल्याकडे बंदी आहे.

आता बिबट्या. सिंह उघड्या गवतात कळपाने राहतो, म्हणून दिसतो. बिबट्या एकटा आणि लपून राहणारा. घोड, भीमा, कुकडीचं पाणी आलं, बारा-पंधरा महिने उभा राहणारा ऊस आला, आणि त्याला लपायला जागा मिळाली. उसातच त्याच्या पिढ्या जन्मल्या. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला तेव्हा असल्याच शेतीच्या मुलखात १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता.

म्हणजे जीप नाही, काच नाही, गाईड नाही, आणि जनावर मात्र सिंहाइतकंच जवळ. त्याची किंमत शिरूरने मोजली आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात महिन्याभराच्या आत तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरं होती. ‘बिबट्याशी जुळवून घ्या’ असं त्या घरांना व्यासपीठावरून सांगणं मला जमणार नाही. हल्ला करणारं जनावर हटवायलाच लागतं. पण सरसकट पकडून दुसरीकडे सोडणं हा उपाय नव्हे. जुन्नर भागात २००१ नंतर तेच केलं गेलं, आणि माणसांवरचे हल्ले वाढले, असं अत्रेय यांच्याच अभ्यासात दिसलं. अनोळखी मुलखात टाकलेल्या जनावराची दोन्ही रिंगणं विस्कटतात.

मग हातात काय आहे? पहिलं, बाहेरचं रिंगण मोठं ठेवा. २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पाणवठ्यांवर माणसांच्या बोलण्याचे आणि सिंहाच्या गुरगुरण्याचे आवाज लावले. बहुतेक प्राणी सिंहापेक्षा माणसाच्या आवाजाला जास्त घाबरले. रात्री पाणी द्यायला जाताना बोलत जा, मोबाईलवर गाणी लावा, हा सल्ला म्हणून पोकळ नाही. पण गावाजवळच्या बिबट्याला आवाजाची सवय असते, तेव्हा एकटं जाऊ नका, काठी-बॅटरी सोडू नका. शेतीला दिवसा थ्री-फेज वीज मिळावी ही तुमची मागणीही खरं तर जीव वाचवणारीच मागणी आहे.

दुसरं, लहानगं दिसू नका. वाकून गवत कापणारी बाई, उघड्यावर बसलेला माणूस, अंगणात एकटं खेळणारं पोर, यांची उंची बिबट्याला भक्ष्यासारखी वाटते. दौंडच्या माळावर धनगर मेंढरांजवळ उभा आहे की झोपलाय, हे लांडगाही बघत असतो.

तिसरं, आतल्या रिंगणात शिरू नका. बिबट्या विहिरीत पडला, घरात कोंडला गेला, की दोनशे माणसं मोबाईल घेऊन गोळा होतात. त्याची वाट बंद करतो आपण, आणि मग म्हणतो अंगावर आला. मागे हटा, वाट मोकळी ठेवा, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

शेवटचं, ऊसतोडीत पिल्लं सापडतात. उचलून फोटो काढायचा मोह होतो. दक्षिण आफ्रिकेत सिंहाचे छावे कुरवाळायला देणारी उद्यानं आहेत. असले छावे आईपासून लहानपणीच तोडलेले असतात, आणि मोठे झाल्यावर त्यांतले काही पैसे घेऊन शिकाऱ्यांपुढे सोडले जातात. तिथे पैसे देऊ नका. आणि इथे पिल्लांना हात न लावता तोड थांबवा, वनविभागाला कळवा. पिल्लं तिथेच मिळाली तर बहुतेकदा मादी रात्री येऊन घेऊन जाते. नाही मिळाली, तर ती चिडलेली तुमच्याच शिवारात फिरते.

आता प्रश्न विचारा.