दह्याचा सुवास व त्याचे मोजमाप

दही घट्ट लागले, आंबटपणाही योग्य आला. पण त्यास व त्याच्या लोण्यास सुवास मात्र नाही, असा अनुभव पुष्कळ घरी येतो. अशा लोण्यास बाजारात भाव मिळत नाही. आंबटपणा व सुवास या भिन्न गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

आंबटपणा दुग्धाम्लामुळे येतो आणि या आम्लास जवळजवळ वास नसतो. सुवास मुख्यतः डायॲसिटील या द्रव्याचा असतो. दुधात अल्प प्रमाणात सायट्रिक आम्ल असते. विरजणातील काही विशिष्ट जंतू दूध आंबू लागल्यावर त्यापासून डायॲसिटील तयार करतात. हे जंतू विरजणातून नाहीसे झाले, तरी दही लागतेच. म्हणून नुसत्या आम्लतेच्या तपासणीवरून हा दोष कळत नाही.

किलोग्रॅममागे एक-दोन मिलिग्रॅम डायॲसिटीलही नाकास जाणवते. प्रयोगशाळेत ते दोन रीतींनी मोजतात. पहिल्या रीतीत अल्कयुक्त द्रवात क्रिएटिन व अल्फा-नॅप्थॉल मिसळतात; येणाऱ्या लालसर रंगाच्या गडदपणावरून प्रमाण ठरते. दुसऱ्या रीतीत बंद कुपीतील दही किंचित तापवून त्यावरील हवा गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रात सोडतात. यंत्रातील लांब, बारीक नळीतून प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळी बाहेर पडते व त्याची नोंद होते.

दह्यातील दुसरे सुवासिक द्रव्य ॲसिटाल्डिहाइड सुमारे २१ अंश सेंटिग्रेडलाच उकळते. म्हणून नमुना घट्ट बुचाच्या बाटलीत, बर्फात ठेवूनच पाठवावा. उघड्या भांड्यातील नमुन्याची तपासणी व्यर्थ होय.

घरी पुढील काळजी घ्यावी :

१. दूध उकळून, पुरते निववून मग विरजण लावावे. सुवास देणारे जंतू सुमारे २० ते ३० अंशांत चांगले वाढतात. दूध अधिक गरम असल्यास ते मागे पडतात.

२. दही लागताच थंड जागी ठेवावे. उबेत राहिल्यास जंतूच डायॲसिटीलचे ॲसिटोईन या निर्गंध द्रव्यात रूपांतर करतात.

३. विरजणाची शंका आल्यास एकाच दुधाच्या दोन वाट्या घ्याव्यात. एकीत आपले व दुसरीत सुवासिक दह्याचे विरजण लावून दोन्ही झाकून ठेवाव्यात. दही लागल्यावर झाकण काढताच वास घ्यावा. दुसरीसच सुवास असेल, तर दोष दुधात नसून विरजणात आहे असे समजावे व ते बदलावे.