‘मिस्ट’ बेटाविषयीचा वाद



व्याख्यानासाठी आम्ही खेळ हा विषय घेतला, आणि तोही संगणकावरचा, ह्याचे काही वडीलधाऱ्या मंडळींना नवल वाटले असेल. ज्याच्यापायी घरातली मुले अभ्यास टाळतात त्याची चर्चा इथे कशाला, असे सभागृहाच्या दारातच एका गृहस्थांनी आम्हांस विचारले. त्यांना आम्ही एवढेच सांगितले की, हा खेळ मोठ्या माणसांनीही तितक्याच हौसेने खेळला, आणि त्यावरून चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांत तीस वर्षांहून अधिक काळ वाद चालला आहे. कोणी म्हणतात, ह्यासारखा खेळ झाला नाही. कोणी म्हणतात, हा मुळी खेळच नव्हे. ह्या दोन्ही बाजूंचे म्हणणे आपण आज पाहू.

खेळाचे नाव ‘मिस्ट’. रँड मिलर व रॉबिन मिलर ह्या दोघा भावांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेन शहराच्या परिसरात, ‘सायन’ नावाच्या आपल्या छोट्या संस्थेत तो तयार केला आणि सप्टेंबर १९९३ मध्ये ‘ब्रोडरबंड’ने तो मॅकिंटॉश संगणकासाठी प्रसिद्ध केला. विंडोजवाल्यांना तो पुढच्या वर्षी मिळाला. नाव सुचले ते ज्युल व्हर्नच्या ‘रहस्यमय बेट’ ह्या कादंबरीवरून. आपल्याकडच्या वाचकांना व्हर्न भा. रा. भागवतांमुळे घरचाच झालेला आहे, तेव्हा निर्जन बेटाचे आकर्षण काय असते हे आम्ही निराळे सांगायला नको.

आता खेळायचे काय, तर पडद्यावर एक चित्र असते. माऊसने पडद्यावरचा पंजा हवा तिथे न्यायचा आणि टिचकी मारायची. रस्त्यावर टिचकी मारली की चार पावले पुढचे चित्र येते. कळीवर मारली की कळ दाबली जाते. ह्या जातीच्या खेळांना ‘पॉइंट-अँड-क्लिक’ म्हणतात. म्हणजे दाखवा आणि टिचका. अशी सुमारे २५०० चित्रे भावांनी संगणकावर घडवली आणि ‘हायपरकार्ड’ नावाच्या साधनाने एकमेकांस जोडली. पत्त्यांचा गठ्ठा हाती घ्यावा आणि एक पान काढून दुसरे मांडावे, असा तो सगळा व्यवहार आहे.

खेळ सुरू होतो तेव्हा तुम्ही एका धक्क्यावर उभे असता. समोर अर्धवट बुडालेले जहाज, टेकडीवर दातेरी चाके, पलीकडे ग्रंथालय. वारा वाहतो, पाणी खळखळते. माणूस एकही नाही. काय करायचे आहे हे कोणी सांगत नाही. वेळेचे बंधन नाही, शत्रू नाही, मरण नाही. ग्रंथालयात एक तांबडे आणि एक निळे पुस्तक आहे. ती उघडली की आत खरखरणाऱ्या लहानशा चौकटीत एकेक तरुण दिसतो. तांबड्यात सिरस, निळ्यात ॲकेनार. हे सख्खे भाऊ. दोघेही म्हणतात, ‘मी निरपराध आहे, दुसरा दुष्ट आहे, माझी हरवलेली पाने आणून मला सोडव.’ ती पाने चार निरनिराळ्या जगांत विखुरलेली आहेत, आणि त्या जगांत नेणारी चार पुस्तके बेटावरच्या कोड्यांआड दडवलेली आहेत. जसजशी पाने पुस्तकात पडतात तसतशी खरखर कमी होऊन बोलणे समजू लागते. जाता जाता सांगतो, ॲकेनार आणि त्या दोघांचा बाप ॲट्रस ह्या दोन्ही भूमिका रँड मिलरने केल्या आहेत, आणि सिरस झाला आहे रॉबिन. नट आणायचे तर पैसे पडतात!

ह्या खेळाच्या ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या. २००२ साली ‘द सिम्स’ने मागे टाकीपर्यंत घरगुती संगणकावरचा सर्वाधिक खपाचा खेळ हाच होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ मध्ये पहिले १४ संगणकीय खेळ आपल्या संग्रहात घेतले, त्यांतही ‘मिस्ट’ आहे. इतका मान मिळाल्यावर टीका तरी कशी टळेल? डिसेंबर १९९३ मध्ये, म्हणजे ‘मिस्ट’नंतर तीन महिन्यांनी, ‘डूम’ हा धावपळीचा आणि बंदुकांचा खेळ निघाला. ज्यांना ‘डूम’ची चटक लागली त्यांना ‘मिस्ट’ म्हणजे जादूच्या कंदिलातली सरकती चित्रे वाटली. ‘सुंदर चित्रांचा संच, पण खेळ कुठे आहे?’ हा त्यांचा प्रश्न आजही ऐकू येतो. १९९६ मध्ये ‘पिस्ट’ नावाचे एक विडंबनही निघाले. लाखो पाहुणे येऊन गेल्यावर बेटाची कशी दुर्दशा झाली आहे, हे त्यात दाखवले आहे. हा विनोद आम्हांस बरा वाटला. आमच्या गडकिल्ल्यांवर सुटीच्या दुसऱ्या दिवशी जो गेला असेल त्याला तो समजावून सांगावा लागणार नाही.

परंतु चित्रे सरकती की स्थिर, हा वाद आमच्या मते वरवरचा आहे. खरा वाद निराळा आहे. खेळाने खेळणाऱ्याला किती सांगावे, आणि माणूस अडला तर दोष कोणाचा?

हे समजण्यासाठी एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘मिस्ट’च्या खोक्यात सीडीबरोबर एक कोरी वही दिलेली असे. आमचा पुतण्या १९९६ च्या सुमारास हा खेळ घेऊन आला तेव्हा ती वही आम्ही किराणा हिशेबाला घेतली. तीन दिवसांनी ती परत मागून घ्यावी लागली. ह्या खेळात पिशवी नाही, शस्त्रे नाहीत, गुणही मिळत नाहीत. तुमच्यापाशी जे साठत जाते ते तुम्हांला कळलेले असते, दुसरे जवळजवळ काही नाही. ग्रंथालयातल्या एका पुस्तकात नक्षत्रांच्या आकृत्या आहेत, दुसऱ्यात वाद्याच्या पट्ट्या काढल्या आहेत. त्या पाहताना त्यांचा उपयोग कळत नाही. दोन तासांनी भलत्याच ठिकाणी तशीच पट्टी समोर येते, आणि मग वही उघडावी लागते. आम्ही ज्या ज्या खेळणाऱ्यांशी बोललो त्यांत एक गोष्ट आढळली. ज्यांनी वही ठेवली ते बहुधा खेळाची स्तुती करतात, आणि ज्यांनी सगळे डोक्यात ठेवू म्हटले ते बहुधा चिडून उठले. ह्याला अपवाद आहेत. वही भरूनही रागावलेली माणसे आहेत, आणि त्यांचा राग सकारण आहे.

त्यांतले मोठे कारण म्हणजे सेलेनिटिक जगातला भुयारी मार्ग. तुम्ही एका डब्यात बसता. डबा रुळांवरून एका थांब्याशी येतो, तिथे अनेक वाटा फुटतात, आणि एक चमत्कारिक आवाज ऐकू येतो. कुठे टणत्कार, कुठे फुसकारा. कधी दोन आवाज एकत्र. हे आवाज दिशांचे आहेत. उत्तरेचा एक, दक्षिणेचा दुसरा, आणि दोन एकत्र आले तर मधली दिशा. पण हे तुम्हांला कळायचे कसे? त्याचा धडा दुसऱ्याच जगात, यंत्रांच्या जगात दिलेला आहे. तिथे पाण्यातला एक किल्ला फिरवायचा असतो, आणि तो ज्या दिशेला येऊन थांबतो तिचा ठरलेला आवाज होतो. ज्याने तिथे कान देऊन ऐकले त्याला भुयारात पोहोचताच दिवा दिसतो. हा क्षण फार आनंदाचा आहे. कोणी काही शिकवले नाही आणि तरी आपण शिकलो, असे वाटते.

पण चार जगे कोणत्या क्रमाने पाहावीत ह्याची सक्ती नाही! जो आधी भुयारात शिरला त्याला न शिकवलेल्या धड्याची परीक्षा द्यावी लागते. तो डबा पुढे नेतो, मागे आणतो, कागदावर नकाशा काढतो, आणि कंटाळून उठतो. पुतण्याचे आणि आमचे असेच झाले. दोन संध्याकाळी भुयारात गेल्या. बाहेर आलो ते नकाशाच्या जोरावर. आवाजांचा अर्थ शेवटपर्यंत लागला नाही. पुढे किल्ला फिरवताना तोच टणत्कार ऐकला आणि आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहात राहिलो. पुतण्या म्हणाला, ‘काका, ही फसवणूक आहे.’ आम्ही त्या वेळी खेळाची बाजू घेतली. आज पुतण्याचे म्हणणे आम्हांस अधिक पटते. स्वातंत्र्य द्यायचे तर धडा प्रत्येक वाटेवर हवा; नाहीतर वाट तरी एकच ठेवावी.

कानांची तक्रार आणखी एका ठिकाणी आहे. बेटावरच्या रॉकेटमध्ये एक पेटीसारखे वाद्य आहे. त्यावर काही सूर वाजवायचे, आणि मग समोरचे दांडे सरकवून अगदी तेच सूर कानाने जुळवायचे. ज्याला सूर कळतो त्याला हे काम मिनिटाचे. ज्याला षड्ज आणि पंचम सारखेच वाटतात, त्याने काय करावे? आणि ज्याला ऐकूच येत नाही त्याने? ह्या टीकेला आम्हांस उत्तर सापडलेले नाही. विचार करून न सुटणारे आणि अवयवावर अवलंबून असणारे कोडे हे कोडे नव्हे, असे जे म्हणतात त्यांच्या बाजूने आम्ही हात वर करू.

उलट, एका तक्रारीत मात्र आम्हांस तथ्य दिसत नाही. खेळात एका वेळी एकच पान नेता येते. एका भावाचे पान पोहोचवले की दुसऱ्याच्या पानासाठी त्याच जगात पुन्हा जावे लागते. ‘उगीच फेऱ्या’ म्हणून पुष्कळांनी कपाळाला हात लावला आहे. परंतु पान उचलण्यापूर्वी तुम्हांला प्रत्येक वेळी ठरवावे लागते की आधी कोणाचे? कोणाचा शब्द खरा मानायचा? चारांपैकी तीन जगांत दोघा भावांच्या खोल्या आहेत. एकीत उंची सामान आणि हाव, दुसरीत क्रौर्याची साधने. दुसऱ्यांदा गेल्यावर ह्या खोल्या आपण निराळ्या डोळ्यांनी पाहतो. पहिल्या फेरीत आमचा सिरसवर थोडा विश्वास बसला होता, कारण तो नीट बोलत होता. नीटनेटक्या बोलण्यावर विश्वास बसण्याची आमची खोड जुनी आहे.

आता उत्तरे मिळण्याची सोय झाली आहे. पूर्वीही उत्तरांची छापील पुस्तके दुकानात मिळत, पण ती आणायला जावे लागे. हल्ली हातातल्या फोनवर कोडे टाकले की उकल समोर येते. त्यामुळे मतेही बदलली आहेत. उत्तर शेजारी ठेवून जे खेळतात ते म्हणतात, हा दोन-तीन तासांचा फेरफटका आहे, ह्यात एवढे काय होते? त्यांचे म्हणणे त्यांच्यापुरते खरे आहे. खेळाच्या अखेरीस जी खूण लागते ती आधीच ठाऊक असेल तर पहिल्याच टिचक्यांपासून सरळ शेवटाकडे जाता येते, आणि सारे बेट काही मिनिटांत संपते. ती खूण कोणती हे आम्ही सांगणार नाही. सायनने हा खेळ नव्या रूपात काढला आणि २०२१ मध्ये तो संगणकावर आला, तेव्हा कोड्यांची उत्तरे दर खेपेस बदलण्याची सोयही त्यात ठेवली. आता नुसती उत्तरे नकलून भागत नाही. ही युक्ती आम्हांस मानवली.

त्याआधी २००० साली ‘रिअलमिस्ट’ निघाला होता. त्यात स्थिर चित्रे नाहीत. बेटावर हवे तसे हिंडता येते. सरकत्या चित्रांवर टीका करणाऱ्यांना हेच तर हवे होते. आणि तरीही जुने खेळणारे कित्येकजण म्हणतात की मूळची स्थिर चित्रेच बरी. आम्ही दोन्ही पाहिले. जुन्या चित्रात तुम्ही कुठे उभे राहून काय पाहावे हे भावांनी ठरवले होते, म्हणून प्रत्येक चौकटीत नजर थांबे. मोकळे हिंडताना आम्ही पुष्कळ गोष्टींच्या बाजूने नुसते निघून गेलो.

शेवटाविषयीही दोन तट आहेत, आणि तो शेवट इथे सांगितल्याबद्दल ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांची आम्ही क्षमा मागतो. कोणत्याही एका भावाला सोडवले तर तो सुटतो आणि त्याच्या जागी तुम्ही अडकता. योग्य मार्ग तिसरा आहे. त्याने बाप ॲट्रस भेटतो. तो आभार मानतो, आणि ‘बेटावर हवे तितके हिंडा’ म्हणतो. बस्स. वाजंत्री नाही, बक्षीस नाही. तुम्ही पुन्हा ग्रंथालयात. तांबड्या आणि निळ्या पुस्तकांच्या जागी भाजल्याचे डाग. इतके कष्ट करून हेच मिळाले म्हणून कित्येकांनी संताप केला. पुतण्यानेही केला. त्याने संगणक बंद केला आणि जेवायला गेला.

आम्ही तो पुन्हा लावला. रात्री दहाचा सुमार होता. धक्क्यावर गेलो, पाणी ऐकले, जहाजापाशी आलो. ती वही अद्याप आमच्यापाशी आहे. पहिल्या चार पानांवर तूरडाळ, गूळ आणि रॉकेलचे भाव आहेत. पाचव्या पानापासून भुयाराचा नकाशा सुरू होतो. त्यात डाव्या बाजूच्या तीन वाटा आम्ही चुकीच्या काढल्या होत्या. त्या पुतण्याने शिसपेन्सिलीने दुरुस्त केल्या आहेत.