परसाईंना वाचकांनी काय काय दिलं : पत्रं, मार आणि नमस्कार

गोटमार, जाम नदी, नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन, संत्र्याचे बगीचे हे आपले नेहमीचे विषय. या वेळी जरा वेगळा घेतलाय. हरिशंकर परसाई (1924–1995) हे मध्यप्रदेशातले सगळ्यात गाजलेले आणि सगळ्यात शिव्या खाल्लेले राजकीय व्यंग्यकार. लिहिलं हिंदीत, राहिले जबलपुरात. मग पांढुर्णा-सौंसरच्या पानावर त्यांचं काय काम, असं कोणी विचारेल. काम आहे, आणि ते समजायला आधी 1956 साल पाहावं लागतं.

त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपर्यंत नागपूर, जबलपूर, रायपूर आणि आपलं छिंदवाडा हे सगळं एकाच राज्यात होतं. राजधानी नागपूर, हायकोर्टही नागपूरलाच. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा अख्खाच्या अख्खा मध्यप्रदेशात राहिला, त्यातल्या मराठी बोलणाऱ्या सौंसर-पांढुर्णा भागासकट. राजधानी भोपाळला गेली, हायकोर्ट जबलपूरला. म्हणजे ज्या माणसाचा बाजार, दवाखाना आणि सोयरीक नागपूरकडे, त्याची पेशी आता जबलपूरला. घरात मराठी, शाळेत आणि तहसीलीत हिंदी, ही आपली आजची रीत तेव्हापासून पक्की झाली. म्हणून ज्या सरकारावर, ज्या बाबूंवर, ज्या पुलिसवर परसाई लिहीत होते, ते आपलंही सरकार, आपलेही बाबू. मराठी व्यंग्य वाचून आपण हसलो ते शेजारच्या राज्यातल्या कारभाराला. आपल्या स्वतःच्या कारभारावरचं व्यंग्य मात्र हिंदीत छापून येत होतं.

परसाईंचा जन्म इटारसीजवळच्या जमानी गावचा. हिंदीतलं एम.ए. त्यांनी नागपूर विद्यापीठातून केलं. जंगल खात्यात नोकरी, मग मास्तरकी. 1952 मध्ये सरकारी नोकरी सोडली, 1957 मध्ये शिकवणंही सोडलं आणि पुढे लेखणीवरच पोट भरलं. 1956 मध्ये जबलपुरातून 'वसुधा' मासिक काढलं. 'नई दुनिया'त 'सुनो भाई साधो', हैदराबादच्या 'कल्पना'त 'और अंत में', 'नई कहानियाँ'त 'पाँचवाँ कॉलम' अशी सदरं चालवली. पुस्तकाचा वाचक आणि सदराचा वाचक यांत फरक असतो, तो इथे ध्यानात ठेवा. पुस्तक आवडलं नाही तर माणूस बाजूला ठेवतो. सदर ठराविक दिवशी पुन्हा दारात येतं, चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचलं जातं, आणि ज्याच्यावर लिहिलंय तो माणूस शेजारीच बसलेला असू शकतो. भांडण होतं ते तिथे. 'सुनो भाई साधो' हे कबीराचं संबोधन घेण्यामागेही हेच असावं, असं मला वाटतं. कबीर बाजारात उभा राहून बोलणारा माणूस. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची हिंदी-मराठी भजनं खंजिरीवर ऐकलेल्या आपल्या भागाला तो सूर परका वाटायचं कारण नाही.

आता प्रतिक्रियांकडे येऊ. परसाईंच्या सगळ्याच लेखनावर वाद झाले असं नाही, बरं का. 'भोलाराम का जीव' घ्या. जबलपूरच्या घमापुर मोहल्ल्यातला एक पेन्शनर मरतो, पण त्याचा जीव यमाच्या दरबारात पोचतच नाही. नारद शोधायला येतात, सरकारी हापिसात जातात, तर साहेब म्हणतात की अर्जीवर 'वजन' ठेवा. शेवटी जीव सापडतो तो पेन्शनच्या फायलीत अडकलेला. ही गोष्ट वाचून कोणी दगड उचलला नाही. 'इंस्पेक्टर मातादीन चाँद पर' मध्ये आपल्या इकडचा पुलिसवाला चंद्रावर जाऊन तिथल्या पुलिसांना खोट्या केसा कशा उभ्या करायच्या ते शिकवतो. यावरही सगळे हसले. याचं कारण सोपं आहे. तहसीलीत खेटे घातलेला प्रत्येक माणूस स्वतःला भोलारामच्या जागी पाहतो, वजन मागणाऱ्या साहेबाच्या जागी कोणीच पाहत नाही. साहेबसुद्धा नाही! त्यालाही कधीतरी पेन्शन काढायचीच असते.

गाडी बिनसते ती वाचकाला आरशात स्वतःचं तोंड दिसलं की. परसाईंनी धर्माच्या नावानं चालणाऱ्या राजकारणावर, गोरक्षणाच्या नावाखालच्या निवडणुकीवर, दंग्यांवर लिहायला सुरुवात केली तेव्हा वाचकांतला एक गट हसायचा थांबला. तो काळही तसाच होता. 1962 मध्ये मध्यप्रदेश सरकारनं गजानन माधव मुक्तिबोधांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर बंदी घातली होती. मुक्तिबोध हे मराठी घरातले, त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीतले नावाजलेले कवी. स्वतः गजानन माधव हिंदीत लिहीत. नागपुरात 'नया खून' साप्ताहिकात काम करून ते पुढे राजनांदगावच्या कॉलेजात शिकवायला गेले होते. परसाई त्यांचे जवळचे मित्र, आणि 'एक साहित्यिक की डायरी' हे मुक्तिबोधांचं सदर परसाईंच्याच 'वसुधा'त येत असे. त्या पुस्तकाविरुद्ध आधी निदर्शनं झाली, मग बंदी आली. मुक्तिबोधांना ते फार लागलं आणि दोन वर्षांनी, 1964 मध्ये ते गेले. वाचक खवळला की सरकार काय करतं, हे परसाईंनी आपल्या मित्राच्या बाबतीत जवळून पाहिलं होतं. तरी लिहिण्याची धार त्यांनी कमी केली नाही.

1973 मध्ये जबलपुरात परसाईंना मारहाण झाली. सांप्रदायिक राजकारणावरच्या त्यांच्या लेखनानं चिडलेल्या लोकांनी ती केली. ते तेव्हा पन्नाशीला आलेले, एकटे राहणारे, लग्न न केलेले लेखक. लाठी घेऊन आलेला माणूससुद्धा एका अर्थानं वाचकच होता, किंवा निदान लेख वाचून दाखवलेला तरी. उत्तर म्हणून त्याच्याजवळ लेख नव्हता, एवढंच.

त्याच सुमारास मराठीत काय चाललं होतं ते पाहण्यासारखं आहे, कारण आपल्या भागातल्या मराठी वाचकाला ते प्रकरण जास्त ओळखीचं आहे. 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. नाना फडणवीसांचं चित्रण आणि पुण्याच्या ब्राह्मणांचं दर्शन यावरून ओरड झाली आणि 19 प्रयोगांनंतर ज्या संस्थेनं नाटक केलं होतं तिनंच ते थांबवलं. नंतर कलावंतांनी थिएटर अकॅडमी काढून 1974 मध्ये ते पुन्हा उभं केलं. दोन्ही ठिकाणी दुखावलेल्या माणसाची तक्रार एकसारखीच होती : आमची बदनामी केली. पण पुण्यात दबाव संस्थेवर आला आणि नाटकाच्या बाजूनं उभे राहायला नटांची, गायकांची पूर्ण टोळी होती. जबलपुरात दबाव एकट्या माणसाच्या अंगावर आला. सदर लिहिणाऱ्याच्या मागे नाटकमंडळी नसते.

इथपर्यंत परसाईंची बाजू घेणं सोपं आहे. पुढचा भाग तितका सोपा नाही. 1975 मध्ये आणीबाणी लागली. परसाई डाव्या, प्रगतिशील लेखक चळवळीतले, आणि भारतीय कम्युनिस्ट पक्ष तेव्हा आणीबाणीच्या बाजूनं होता. जयप्रकाशांच्या आंदोलनावर परसाईंनी आधी व्यंग्य केलेलंच होतं. सत्तेला उघडं पाडणाऱ्या या लेखकानं आणीबाणीला मात्र विरोध केला नाही, आणि जे वाचक त्यांना आपला माणूस मानत होते त्यांतले कित्येक दुखावले. ही तक्रार अजूनही केली जाते, आणि माझ्या मते ती रास्त आहे. एरवी आपल्या जिल्ह्याची त्या वेळची गोष्टही गंमतीची आहे. 1977 मध्ये उत्तरेत काँग्रेस धुऊन निघाली. मध्यप्रदेशातल्या 40 जागांपैकी काँग्रेसला एकच मिळाली, ती आपली छिंदवाडा. गार्गीशंकर मिश्र निवडून आले. म्हणजे आणीबाणीबद्दल 'जनतेची प्रतिक्रिया' असं सरसकट बोलताना आपल्या भागातल्या माणसानं थोडं थांबूनच बोलावं.

मारापेक्षा वेगळी एक प्रतिक्रिया परसाईंच्या वाट्याला आली, आणि तिची त्यांना जास्त भीती वाटली असं दिसतं. ती म्हणजे नमस्कार. 'विकलांग श्रद्धा का दौर' या लेखाची सुरुवातच कोणीतरी आत्ताच पाया पडून गेलं इथून होते. लेखक आनंदात नाही, घाबरलेला आहे. आपण श्रद्धेय व्हायला लागलो याचा अर्थ काय, आपल्यात असं काय बिघडलं, याची तो स्वतःच झडती घेतो, आणि मग सगळ्या देशातल्या श्रद्धेचं काय झालंय तिकडे वळतो. याच नावाच्या पुस्तकाला 1982 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे पाया पडण्यावर केलेल्या टीकेबद्दल पुन्हा हार! त्याच लेखात आणि इतरत्रही स्त्रियांवरून दिलेल्या त्यांच्या काही उपमा आज वाचताना खटकतात, हेही नोंदवून ठेवतो. आजच्या वाचक बायका त्यावर बोट ठेवतात ते बरोबरच आहे. परसाईंच्या पाया पडायचं नाही असं ठरवलं तर हेही म्हणता आलं पाहिजे.

आता सगळ्यात कामाचा भाग. रायपुरात 1959 मध्ये मायाराम सुरजन यांनी सुरू केलेला पेपर पुढे 'देशबंधु' नावानं रायपूर आणि जबलपूरहून निघत होता. त्यात परसाई 'पूछिए परसाई से' हे सदर लिहीत. वाचकांनी पत्रानं प्रश्न पाठवायचा, परसाईंनी पेपरात उत्तर द्यायचं. सुरुवातीला आले ते प्रश्न सिनेमाचे, प्रेमाबिमाचे, टिंगलीचे. कॉलेजातले पोट्टे विचारतील तसले. परसाईंनी त्यांना झिडकारलं नाही. त्यांना उत्तरं देत देत त्यांनी वाचकाला हळूहळू राजकारण, समाज, इतिहास, जगातल्या घडामोडी असल्या प्रश्नांकडे वळवलं. लोक या सदरासाठी पेपरची वाट पाहत. पुढे या प्रश्नोत्तरांचं पुस्तकही निघालं.

मला परसाईंचं हे काम त्यांच्या कित्येक गाजलेल्या लेखांपेक्षा मोठं वाटतं. व्यंग्यकार आणि वाचक यांच्यात एरवी एकच वाट असते : तो टोला मारतो, तुम्ही हसता नाहीतर चिडता. इथे चिडलेल्यालाही 15 पैशांच्या कार्डावर विचारायची सोय झाली. प्रश्न खोचक असला तर उत्तरही खोचक, पण उत्तर मिळायचं. ज्या राज्यात 10 वर्षं आधी याच लेखकाला लाठीनं जाब विचारला गेला होता, तिथे तोच जाब आता पोस्टानं यायला लागला. छोट्या गावच्या माणसाला राजधानीत ओळख लागत नव्हती, इंग्रजी लागत नव्हतं, शुद्ध हिंदीसुद्धा लागत नव्हती. घरी मराठी बोलणाऱ्या माणसाची मोडकीतोडकी हिंदी पत्रासाठी पुरेशी होती.

आणि आज? आपल्याकडच्या तरुण मंडळींना परसाई भेटतात ते बहुतेक शाळेच्या पुस्तकात. एनसीईआरटीच्या हिंदी पुस्तकांत वर्षानुवर्षं आठवीला 'बस की यात्रा', नववीला 'प्रेमचंद के फटे जूते', अकरावीला 'टार्च बेचनेवाले' असे धडे होते. तिन्ही चांगलेच. बसच्या धड्यात पाच मित्र एका मोडक्या बसमध्ये बसतात, पन्न्याहून सतना आणि तिथून जबलपूरची गाडी पकडायची असते, आणि बस वाटेत जागोजागी बसकण मारते. सौंसरहून छिंदवाड्याला घाट चढून गेलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. पोरं खळखळून हसतात. जुन्या बसला असहकार आणि सविनय कायदेभंगाच्या चळवळी आठवाव्यात अशी मधली चिमटीही त्यात आहे. पुस्तक बनवणाऱ्यांनी परसाई निवडले ते भोलारामच्या जातीचे, कोणालाच न बोचणारे. ज्या लेखांवरून मार पडला ते आठवीच्या वर्गात येत नाहीत. त्यामुळे एकाच घरात आजोबांचे परसाई आणि नातीचे परसाई ही दोन वेगळीच माणसं निघतात. आजोबा त्यांच्यावरून भांडलेले असतात, नातीनं त्यांच्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलेलं असतं.

पांढुर्णा 2023 मध्ये वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. नव्या जिल्ह्याचा इतिहास लिहायचा म्हणजे गॅझेटिअर आणि जमिनीची कागदपत्रं हवीतच. पण इथली माणसं काय वाचत होती आणि वाचून कोणावर चिडत होती, हे त्या कागदांत सापडत नाही. ते सापडतं वहीत चिकटवलेल्या कात्रणांत, पेटीच्या तळाला अंथरलेल्या पेपरांत, संपादकाला लिहून कधी टाकायचंच राहिलेल्या पत्रांत. घरी 1980 च्या दशकातला 'देशबंधु' किंवा 'नई दुनिया' पडला असेल तर रद्दीवाल्याला देण्याआधी परसाईंचं सदर असलेलं पान काढून ठेवा, तारखेसकट. समासात कोणी पेन्सिलीनं काही लिहिलेलं असेल तर ते पान आधी दाखवा.