प्रकाशाबरोबर चालणारी वीज

प्रकाशाच्या साहाय्याने संदेश पाठवावयाचा असेल, तर प्रकाशाच्या एखाद्या गुणधर्मात त्या संदेशाबरहुकूम बदल घडवून आणावा लागतो. या क्रियेस विरूपण म्हणतात आणि ती घडवून आणणाऱ्या साधनास विरूपक किंवा मॉड्युलेटर असे म्हणतात. कंदिलापुढे हात आडवा धरून खूण करणारा माणूस हासुद्धा एक प्रकारे विरूपणच करीत असतो. १८४९ मध्ये फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रकाशाचा वेग मोजण्यासाठी ७२० दात्यांचे एक चक्र प्रकाशशलाकेच्या मार्गात फिरविले. सेकंदास सुमारे १२.६ फेऱ्या घेणारे हे चक्र प्रकाशाचे दर सेकंदास नऊ हजारांवर तुकडे पाडीत असे. आजच्या प्रकाशीय तंतूंतून होणाऱ्या दळणवळणात मात्र प्रकाशात सेकंदास अब्जावधी वेळा बदल करावे लागतात. इतक्या वेगाने कोणतीही यांत्रिक वस्तू हलविणे शक्य नाही. हे काम विजेनेच करावे लागते. परंतु वीज तरी प्रकाशापर्यंत इतक्या त्वरेने कशी पोहोचवावयाची? उच्च वेगाच्या विरूपकाची रचना म्हणजे मुख्यतः या प्रश्नाचे उत्तर होय.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. लेसरला मिळणारा विद्युत् प्रवाहच चालू-बंद केला, तर वेगळ्या विरूपकाची गरज काय? अल्प अंतरासाठी असे केले जातेही. परंतु प्रवाह बदलला की लेसरच्या प्रकाशाची तरंगलांबीही किंचित बदलते, आणि तंतूमध्ये निरनिराळ्या तरंगलांबीचा प्रकाश निरनिराळ्या वेगाने जातो. १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास, तरंगलांबीत १ नॅनोमीटरचा फरक असल्यास नेहमीच्या तंतूत दर किलोमीटरमागे सुमारे १७ पिकोसेकंदांचे अंतर पडते. (सेकंदाचे एक लक्ष कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे पिकोसेकंद.) तरंगलांबी केवळ एक दशांश नॅनोमीटरने ढळली, तरी १०० किलोमीटरनंतर स्पंद १७० पिकोसेकंदांनी पसरतो. सेकंदास १० अब्ज चिन्हे पाठवावयाची असतील, तर प्रत्येक चिन्हाच्या वाट्यास फक्त १०० पिकोसेकंद येतात. म्हणजे प्रत्येक चिन्ह शेजारच्या चिन्हांत मिसळून संदेश वाचता येईनासा होतो. म्हणून लेसर अखंड तेवत ठेवून त्याच्या प्रकाशावर बाहेरून संस्कार करणे श्रेयस्कर ठरते.

स्फटिकाचे कार्य

विद्युत् क्षेत्राचा पदार्थाच्या प्रकाशीय गुणधर्मांवर परिणाम होतो, हे जॉन केर यांनी १८७५ मध्ये दाखवून दिले. काही विशिष्ट स्फटिकांत हा परिणाम विद्युत् क्षेत्राच्या सम प्रमाणात असतो. त्याचा पद्धतशीर अभ्यास फ्रीड्रिख पोकेल्स यांनी १८९३ मध्ये केला, म्हणून त्यास पोकेल्स परिणाम म्हणतात. अशा स्फटिकांत लिथियम नायोबेट हा सर्वांत उपयुक्त ठरला आहे. हा स्फटिक निसर्गात सापडत नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉलमन यांनी १९६५ मध्ये त्याचे मोठे स्फटिक वितळलेल्या द्रवातून ओढून तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली.

क्षेत्रामुळे स्फटिकाच्या वक्रीभवनांकात पडणारा फरक अत्यल्प असतो. एकमेकांपासून १० मायक्रोमीटर अंतरावरील दोन विद्युत् अग्रांना ५ व्होल्ट दाब लावला, तर लिथियम नायोबेटचा वक्रीभवनांक एक दशसहस्रांशापेक्षाही कमी प्रमाणात बदलतो. परंतु प्रकाशाची तरंगलांबीही तशीच सूक्ष्म असते. त्यामुळे केवळ १ सेंटिमीटर प्रवासानंतर हा अल्प फरक साठत जाऊन प्रकाशतरंग जवळजवळ अर्ध्या तरंगलांबीने मागे किंवा पुढे सरकतो. प्रकाशाचे आधी दोन वाटांत विभाजन करून नंतर ते दोन भाग पुन्हा एकत्र आणले, तर अर्ध्या तरंगलांबीच्या या फरकामुळे एकाचा शिखरभाग दुसऱ्याच्या खळग्यावर येतो व प्रकाश मावळतो. फरक नसेल तर तो पूर्ण तेजाने बाहेर पडतो. पूर्ण तेजापासून पूर्ण अंधारापर्यंत नेण्यास लागणाऱ्या दाबास अर्धतरंग दाब म्हणतात. विरूपकाची योग्यता ठरविताना हीच संख्या प्रथम विचारली जाते.

प्रारंभीच्या विरूपकांत विद्युत् क्षेत्र पुष्कळदा प्रकाशाच्या दिशेनेच लावीत. तेथे स्फटिक लांब केला की क्षेत्र त्याच प्रमाणात दुर्बल होई. लांबीचा लाभ मिळत नसे आणि दाब हजारो व्होल्ट लागे. क्षेत्र प्रकाशाशी काटकोनात लावले, तर अग्रे जवळ आणता येतात आणि लांबीही वाढविता येते. १९७४ मध्ये श्मिट आणि कॅमिनो यांनी लिथियम नायोबेटच्या पृष्ठभागात टायटॅनियम धातू उष्णतेने मुरवून काही मायक्रोमीटर रुंदीची प्रकाशवाट तयार केली. प्रकाश अशा अरुंद वाटेत कोंडता आल्यामुळे अग्रे तिच्या अगदी निकट ठेवता आली आणि हजारो व्होल्टचे काम काही व्होल्टवर आले.

विद्युत् अग्रांची रचना

स्फटिकाचा प्रतिसाद जवळजवळ तात्काळ असतो. विलंब होतो तो धातूच्या अग्रांमुळे. समोरासमोर ठेवलेल्या दोन अग्रांचे एक धारित्र बनते, आणि घागर भरण्यास जसा वेळ लागतो तसा धारित्र भारित होण्यासही लागतो. अग्रांची धारकता ५ पिकोफॅरड असेल आणि मंडलाचा परिणामी रोध २५ ओहम असेल, तर सेकंदास सुमारे १.३ अब्ज कंपनांपलीकडे विरूपकाचा प्रतिसाद ढासळू लागतो. दाब निम्मा करण्यासाठी लांबी दुप्पट केली, की धारकता दुप्पट होऊन वेग निम्म्यावर येतो. एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने गमवावे, तसा हा व्यवहार होतो.

यावरील तोडगा असा, की अग्रांना धारित्र न मानता विद्युत् तरंग वाहून नेणारा मार्ग मानावयाचे. मधोमध संदेशाची पट्टी आणि दोन्ही अंगांस भूसंपर्कित पट्ट्या अशी त्यांची मांडणी असते. एका टोकाने शिरलेला विद्युत् तरंग प्रकाशाच्या सोबतीने दुसऱ्या टोकाकडे जातो. ही कल्पना १९६०–७० या दशकातच मांडली गेली होती. तीत मुख्य अट ही, की दोघांनी बरोबरीने चालले पाहिजे. विद्युत् तरंग मागे पडला, तर प्रकाशाच्या एकाच भागाला वाटेत कधी धन तर कधी ऋण क्षेत्र भेटते आणि आधी साधलेला परिणाम पुढे पुसला जातो.

दुर्दैवाने लिथियम नायोबेटमध्ये नेमके हेच घडते. प्रकाशाच्या अतिशीघ्र कंपनांना स्फटिकातील इलेक्ट्रॉनच प्रतिसाद देऊ शकतात. विद्युत् संदेशाच्या तुलनेने मंद कंपनांना जड आयनही प्रतिसाद देतात व तरंगाची गती रोखतात. म्हणून प्रकाशासाठी परिणामी वक्रीभवनांक सुमारे २.२ असताना, स्फटिकावर ठेवलेल्या साध्या अग्रांवरील विद्युत् तरंगासाठी तो ४.२ च्या घरात जातो. चार सेंटिमीटरच्या वाटेत प्रकाशास सुमारे २९० पिकोसेकंद लागतात, विजेस ५६०. सेकंदास १० अब्ज कंपने असलेल्या संदेशाचे एक आवर्तन १०० पिकोसेकंदांचे असते. म्हणजे वाट संपेपर्यंत वीज अडीच आवर्तनांहूनही अधिक मागे पडते.

विजेची चाल वाढविण्यासाठी दोन उपाय योजितात. पहिला उपाय म्हणजे अग्रे व स्फटिक यांच्यामध्ये सिलिकेचा पातळ थर देणे. त्यामुळे क्षेत्राचा काही भाग स्फटिकाऐवजी सिलिकेत राहतो. दुसरा उपाय म्हणजे सोन्याची अग्रे १० ते ३० मायक्रोमीटर जाड करणे. त्यामुळे क्षेत्राचा काही भाग अग्रांच्या भिंतींमधील हवेत राहतो. दोन्ही उपायांनी तरंगाचा वेग वाढतो. परंतु पहिल्याने मार्गाचा संरोध वाढतो, तर दुसऱ्याने तो घटतो. म्हणून दोहोंचा मेळ घालून वेग आणि संरोध ही दोन्ही उद्दिष्टे एकदम साधता येतात. याची किंमतही मोजावी लागते. सिलिकेत अडकलेले क्षेत्र प्रकाशवाटेस मिळत नाही आणि अर्धतरंग दाब वाढतो.

जाड सोन्याचा आणखी एक उपयोग आहे. उच्च कंप्रतेचा प्रवाह संवाहकाच्या पृष्ठभागालगतच वाहतो. सेकंदास १० अब्ज कंपने असता सोन्यात त्याची खोली एक मायक्रोमीटरपेक्षाही कमी असते. प्रवाहास जागा अपुरी पडली की रोध वाढतो, व शीघ्र कंपने वाटेतच क्षीण होतात. चाल जुळल्यानंतर विरूपकाच्या वेगावर अखेरची मर्यादा बहुधा या क्षीणनामुळेच पडते. मार्गाच्या शेवटी संरोधाशी जुळणारा रोधक जोडावा लागतो. तो नसेल तर भिंतीवर आपटलेल्या लाटेप्रमाणे तरंग मागे फिरतो व नव्या संदेशात ढवळाढवळ करतो.

चालक विवर्धक

विरूपकास व्होल्ट पुरविणारा घटक म्हणजे चालक विवर्धक. त्याचे काम विलक्षण कठीण असते. संदेशात दीर्घकाळ एकच चिन्ह येऊ शकते, तसेच क्षणाक्षणाला बदलणारी चिन्हेही येऊ शकतात. म्हणून सेकंदास काही हजार कंपनांपासून कित्येक अब्ज कंपनांपर्यंत सर्वांचे विवर्धन त्याने सारखेच करावे लागते. शिवाय शीघ्र ट्रान्झिस्टर अतिशय लहान असतात आणि मोठा दाब त्यांना सोसत नाही. येथे पर्सिव्हल यांनी १९३६ मध्ये निर्वात नलिकांसाठी सुचविलेली युक्ती उपयोगी पडते. अनेक लहान विवर्धक घटक एका प्रेषणमार्गावर ओळीने जोडावयाचे. प्रत्येकाची धारकता त्या मार्गाचाच भाग होते आणि त्यांचे योगदान योग्य वेळी एकत्र येत जाते. विरूपकाच्या अग्रांनाही हेच तत्त्व लागू केलेले आपण पाहिले. दोन्हीकडे, अडथळा ठरणाऱ्या धारकतेलाच वाटेचा घटक बनविले आहे.

लागणारी शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. शिखरापासून खळग्यापर्यंत ५ व्होल्टचा चौकोनी संदेश ५० ओहमच्या मार्गास दिला, तर त्यात एक अष्टमांश वॉट शक्ती जाते. विवर्धक स्वतः याच्या अनेक पट शक्ती घेतो व तिची उष्णता होते. अर्धतरंग दाब निम्मा झाला, तर मार्गास द्यावी लागणारी शक्ती एक चतुर्थांश होते. जेथे असे असंख्य विरूपक एकाच इमारतीत अहोरात्र चालतात, तेथे हा केवळ विद्युत् देयकाचा प्रश्न राहत नाही. उष्णता बाहेर कशी काढावी, यावर यंत्रणेचा विस्तार अवलंबून असतो.

२०१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या विरूपकाचे महत्त्व या दृष्टीने पाहिले पाहिजे. त्यांनी सिलिकेवर बसविलेल्या, एक मायक्रोमीटरपेक्षा पातळ अशा लिथियम नायोबेटच्या पापुद्र्यात प्रकाशवाट कोरली. प्रकाश अधिक घट्ट कोंडला गेल्याने अग्रे अधिक जवळ आली. आणि क्षेत्राचा बराच भाग सिलिकेत राहत असल्याने विजेची चाल प्रकाशाशी जुळविणे सोपे झाले. २० मिलिमीटर लांबीच्या या विरूपकास १.४ व्होल्टचा अर्धतरंग दाब पुरला आणि त्याचा प्रतिसाद सेकंदास ४० अब्ज कंपनांपलीकडे टिकला. इतका अल्प दाब संगणकातील नेहमीची सिलिकॉन मंडलेही देऊ शकतात.

ही प्रगती घडली तेव्हा स्फटिक तोच होता आणि पोकेल्स परिणामही तोच. बदलली ती धातू, काच आणि प्रकाश यांची परस्परांशी असलेली मांडणी. म्हणूनच विरूपकाचा रचनाकार अग्रांची लांबी ठरविताना चालक विवर्धकाचाही विचार करतो, आणि विवर्धकाचा रचनाकार अग्रांचा संरोध विचारल्यावाचून आपले काम सुरू करीत नाही.